मोडक्या शिंगाचा बैल आणि नऊ हजार रुपये

सकाळी साडेसहाला कॅमेरा लागला, साउंडवाल्या पोरानं कानाला हेडफोन चढवले, आणि तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की कोठ्यात बैलच नाहीत. दोन्ही दावी खुंट्याला नीट गुंडाळून ठेवलेली. बंडी, म्हणजे बैलगाडी, तीही जागेवर नाही. आदल्या दिवशी अर्धा प्रसंग झाला होता आणि त्यात मागे ही जोडी रवंथ करत उभी होती. एकाचं डावं शिंग मोडकं. दुसरी जोडी गावात मागितली असती तर मिळाली असती, पण मोडक्या शिंगाचा बैल कुठून आणायचा?

घरमालक, आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, पाचलाच बंडी जुंपून निघून गेले होते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "बैलाईले काम होतं."

त्या दीड दिवसाची ही हकिकत. यवतमाळ जिल्ह्यात कळंब आणि राळेगावच्या मधलं एक गाव, नोव्हेंबर २०२४. मी निवृत्त शिक्षक. युनिटनं मला बोलावलं होतं ते संवाद वऱ्हाडीत उतरवायला. सिनेमा थिएटरात न लागणाऱ्या जातीतला, महोत्सवांना पाठवायचा. गोष्ट अगदी साधी: म्हातारा कास्तकार, दोन मुलं, वाटणीचा वाद. आणि शूटिंगला घर मिळालं तेही म्हाताऱ्या कास्तकाराचं, दोन मुलांचं. गावाचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम गाळतो आहे. ज्यांचं घर आहे त्यांना ते ओळखू येईलच.

घराची मांडणी आधी सांगतो. काकाजी अडुसष्ट वर्षांचे. थोरला एक्केचाळीसचा, घरीच शेती बघतो. धाकटा बुटीबोरीला कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. लेक पांढरकवड्याकडे दिलेली. वावर अकरा एकर. त्यातले सात बापदादाचे आणि चार काकाजींनी स्वतः घेतलेले. हा सात आणि चारचा फरक घरातल्या लहान पोरालाही पाठ. वडिलोपार्जित सातांत मुलांचा हिस्सा जन्मापासून. चार मात्र काकाजी कुणाच्याही नावे लिहून देऊ शकतात, मृत्युपत्रानं शेजाऱ्यालाही. ते असं काही करणार नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. पण करू शकतात हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि घर चालतं ते या दुसऱ्या गोष्टीवर.

वाटणी का होत नाही, असं मी थोरल्याला विचारलं होतं. तो हसला. सगळ्यांची संमती असली की महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे वाटणी होते, हे तो माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. त्यानं दुसराच हिशेब मांडला. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार मिळतात ते १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला. त्यानंतर बापानं हयातीत पोराच्या नावे केली तर पोराला मिळत नाहीत. बाप गेल्यावर वारसानं आली तर मिळतात. "म्हंजे सरकारच म्हनते, थांबा," तो म्हणाला. हे त्यानं विनोदानं म्हटलं असेल, पण म्हटल्यावर लगेच इकडेतिकडे बघितलं.

कापसाचं तसंच. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर पीकपेरा, म्हणजे पेरलेल्या पिकाची नोंद, लागतो आणि पैसे जातात आधारला जोडलेल्या खात्यात. सातबारा काकाजींचा, खातं काकाजींचं. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खेडा खरेदीवाला त्याहून कमी देत होता, त्यामुळे वेचणीला, वखराला, फवारणीला कुणीही मरो, चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, यायचा बापाच्याच नावावर. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायच्या, काळातही काकाजींचे वडील चुकारा आणायला स्वतःच जायचे, पोराला बंडीजवळ उभं करून. ती गोष्ट काकाजींनी मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ते बंडीजवळ उभे होते तिथेच ती संपली.

पण आता एक भानगड झाली आहे, जी पटकथेत कुठेच नव्हती. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर करावी लागते. काकाजींचा फोन बटणांचा. त्यामुळे पीकपेरा लावतो थोरला. बँकेच्या खात्याला नंबर थोरल्याचा, केवायसी थोरल्याच्या फोनवर. जमीन बापाची, खातं बापाचं आणि ओटीपी पोराच्या खिशात. पूर्वी तिजोरीची किल्ली सासूच्या कमरेला असायची, तसा आता हा सहा आकड्यांचा नंबर. काकाजी बँकेत जातात तेव्हा थोरल्याला बरोबर न्यावं लागतं, आणि वाटभर ते त्याच्याशी बोलत नाहीत.

बोलत नाहीत म्हणजे भांडण आहे असं नाही. एरवीही बोलत नाहीत. इथेच आमची पटकथा फसली होती.

पटकथेत थोरला मुलगा सपरीत, म्हणजे ओसरीत, बापासमोर उभा राहतो आणि हिस्सा मागतो. मी ते वाक्य वऱ्हाडीत केलं होतं: "बाबा, माहा हिस्सा मले देऊन द्या. वीस वर्सं झाले या वावरात मरून रायलो." मला ते बरं वाटलं होतं. बापाचं काम करणारे नट वडशाकडचे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात उभा जन्म गेलेला. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही बापाचा राग ऐकू जावा लागतो, म्हणून त्यांचा आवाज घरभर फिरला. भिंतीवरची पाल पळाली. दिग्दर्शकानं पाच टेक घेतले आणि डोक्याला हात लावून बसला. खोटं वाटत होतं, पण काय खोटं ते सापडत नव्हतं. आम्ही सगळे नटांच्या आवाजाला दोष देत होतो.

काकू चुलीपाशी होत्या. त्यांना हसू आवरेना. "असं तोंडावर कोन मांगते बापाले?"

"मग कसं मागतात, काकू?"

"मांगतच नाही. मले सांगते."

त्या दिवसापासून मी त्या घरातलं बोलणं वहीत उतरवायला लागलो. संवादलेखकाची हाव होती ती, दुसरं काही नाही. आणि दिसलं ते असं. थोरला आणि काकाजी सहा फुटांवर बसलेले असतात. थोरला म्हणतो, "माय, हरबऱ्याचं बी आनाचं आहे." काकू भाकर थापता थापता म्हणतात, "तो म्हनते, हरबऱ्याचं बी आनाचं." काकाजी काकूंना विचारतात, "किती?" काकू थोरल्याकडे बघतात. थोरला काकूंना सांगतो. असं फिरत फिरत बी ठरतं. बोलणं या घरात भरपूर आहे, दिवसभर चालू आहे. पण सरळ जात नाही, प्रत्येक वेळी चुलीला वळसा घालून जातं.

आणि चुलीपाशी ते बदलतं. हे मला उशिरा कळलं. एका सकाळी थोरला म्हणाला, "बैलं इकून टाकू आवंदा, ट्रॅक्टर भाड्यानं आनू." काकाजी तेव्हा आंघोळीला गेले होते. दुपारी काकूंनी निरोप पोचवला तो असा: "बैलं थकले म्हनते." विकण्याचा शब्द नाही, ट्रॅक्टर नाही. काकाजी म्हणाले, "ढेप वाढवा." (ढेप म्हणजे बैलांची पेंड.) थोरल्याला कळवलं गेलं, "बाबा पाहू म्हनते." तीन माणसं तीन वेगवेगळ्या संभाषणांत होती आणि भांडण झालं नाही. मी काकूंना नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "अर्ध मी पोटातच ठेवतो." (आमच्याकडे बायाही 'ठेवतो'च म्हणतात.)

मराठी कुटुंबावरच्या सिनेमात आई सोसणारी असते, नाहीतर मधे पडून रडणारी. या घरात आई म्हणजे अख्खं टपाल खातं होती, आणि पत्रं फोडून वाचणारं. बापाची सत्ता सातबाऱ्यावर, पोराची फोनात. पण कुणाला काय माहीत असावं, हे ठरवत होती ती. दिग्दर्शकाला मी हे सांगितलं. त्याला पटलं, पण त्याचा कल गप्प बापाकडे झुकला: खिडकीतून दिसणारा, पाठमोरा, लांबून घेतलेला. समांतर सिनेमात गप्प बाप हीही एक सवयच झाली आहे, शहरातल्या प्रेक्षकाला खेडं खोल वाटावं म्हणून. काकाजी गप्प नव्हते हो. बोलायचे ते, फक्त पोराशी नाही.

आता नऊ हजारांचं. घराचं भाडं दिवसाला दीड हजार, बारा दिवसांचे अठरा. त्यातले नऊ हजार आगाऊ, पहिल्या दिवशी सपरीत पेढ्यांच्या डब्यासकट काकाजींच्या हातात दिले होते. ते व्यवस्थित झालं. उरलेले नऊ शेवटी द्यायचे होते. पण निर्मिती सांभाळणारा मुलगा शहरातला, हिशेब वेळेवर मिटवणारा, भला पोरगा. निवडणुकीचे दिवस होते, मतदान २० तारखेला, रोज प्रचाराच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या आणि आमचा आवाजाचा सगळा खोळंबा चालला होता. दिवस वाढणार म्हणून त्यानं विचार केला, निदान आधी ठरलेलं उरलं देणं देऊन टाकावं. काकाजींच्या फोनवर पैसे जात नाहीत. मग त्यानं घरातून एक नंबर घेतला आणि संध्याकाळी नऊ हजार थोरल्याच्या फोनवर टाकले. थोरल्याचा फोन सपरीत चार्जिंगला लावलेला होता. टिंग असा आवाज झाला. बाजेवर काकाजी बसले होते.

दुसऱ्या दिवशी बैल नव्हते.

त्या सकाळी मी सगळ्यात मोठी चूक केली. मला वाटलं, मला गाव कळतं. थोरल्याला गाठलं, त्याच्याकडून पैशांचं ऐकलं, आणि दुपारी सायकल काढून नऊ किलोमीटरवर काकाजींच्या साळ्याच्या गावी गेलो. बैल तिथे बाभळीखाली आरामात उभे, कामाबिमाला जुंपलेले नाहीत. मी म्हणालो, "काकाजी, चूक झाली. पैसे परत घेतो अन् तुमच्या हातात देतो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोललो.

"कायचे पैसे, सर? पोराईचंच घर आहे. मले काय कराचे पैसे?"

चहा पाजला, शाळेची चौकशी केली, आणि बैल नेऊ दिले नाहीत. वाटेत सायकल हाकताना कळलं. मी त्यांचं दुखणं शब्दांत बोलून दाखवलं होतं. आता ते बैल परत आणते तर पैशांसाठी रुसले होते हे कबूल केल्यासारखं झालं असतं. परतीची वाट मीच बुजवून आलो होतो. युनिटमधल्या एकानं जास्त भाडं देऊ असं सुचवलं. बरं झालं, ते कुणी ऐकलं नाही.

काकूंनी मात्र सकाळपासून एक शब्द काढला नव्हता. संध्याकाळी थोरल्याला म्हणाल्या, "ते पैसे काढून आन." तो गावातल्या ग्राहक सेवा केंद्रातून पाचशेच्या अठरा नोटा घेऊन आला. काकूंनी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या, दिवा लावला. रात्री काकाजी हात हलवत परतले. बैल नव्हतेच बरोबर. जेवण झालं. मी सपरीत होतो आणि तिथून उठावं की बसावं हे समजत नव्हतं. काकू नोटा घेऊन बाहेर आल्या आणि कुणाचंही नाव न घेता म्हणाल्या, "घरभाड्याचे आले. मोजून घ्या."

काकाजींनी अंगठा जिभेला लावला. एकदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग बारा नोटा वेगळ्या काढून काकूंच्या हातात दिल्या: "ढेप आनाले सांग. अन् सालदाराचं राहिलं ते देऊन टाक म्हना." (सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी.) दोन नोटा काकूंना. चार स्वतःच्या अंगातल्या बंडीच्या खिशात. काकूंनी वळून सहा हजार थोरल्याला दिले. म्हणजे नवातले सहा जिथून निघाले तिथेच, चोवीस तास फिरून, तीन हातांतून जाऊन आले.

सकाळी बैल खुंट्याला होते. कुणी कधी आणले, मला माहीत नाही.

हे सगळं गोड वाटू शकतं. युनिटला वाटलं. मुलं तर भारावूनच गेली, किती सुंदर वगैरे. मला थोरल्याचा चेहरा आठवतो. विहिरीवर तो मला म्हणाला, "सर, पैसे शेवटी माह्याच हातात आले. पन कसे? दहा वर्साच्या पोट्ट्याले जत्रेसाठी देते, तसे." एक्केचाळीस वर्षांचा माणूस. वीस वर्षं पऱ्हाटीत उभा. २०१७ साली बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा सोसायटीपासून तहसीलपर्यंत हेलपाटे त्यानंच घातलेले. कर्जमाफीचा अर्ज त्यानंच भरला आणि यादीत नाव आलं बापाचं. काकूंच्या चुलीनं घर एकसंध ठेवलं यात शंका नाही. पण त्याच चुलीनं थोरल्याला कधी पुरता मोठा होऊ दिलं नाही, असं माझं मत आहे. आईनं प्रत्येक वाक्य मऊ करून दिलं, त्यामुळे बापाचा नकार त्यानं कधी सरळ ऐकला नाही, आणि बापानंही पोराचा राग कधी बघितला नाही. धाकटा बुटीबोरीहून फोन करतो तोही आईलाच करतो. पण त्याला पगार आहे. त्याच्यासाठी हा वळसा म्हणजे फक्त रीत. थोरल्याचा मात्र रोजचा जाच.

त्याचा चौदा वर्षांचा पोरगा आजोबांशी थेट बोलतो. "आबा, पन्नास द्या नं." आबा देतात. एक पिढी ओलांडली की वळसा लागत नाही.

सुनेबद्दल पटकथेत एक ओळही नव्हती. तिचं काम करणारी नटी दहा दिवस ताटंच उचलत होती. पण थोरल्याचा फोन नंबर निर्मितीच्या मुलाला कुणी दिला हे मी नंतर शोधलं. सुनेनं. त्यानं "घरातल्या कुणाचा तरी नंबर द्या" म्हटलं होतं, आणि तिनं नवऱ्याचा दिला. मी विचारलं, ठाऊक नव्हतं का? ती सूप झटकत म्हणाली, "मले वाटलं नंबरच पायजे होता." तोंडावर काही दिसलं नाही. मात्र तिच्यामागे बसलेल्या काकूंनी तुरीतला खडा टिपला आणि जरा जास्तच लांब फेकला.

लेकीचा विषय घरात निघाला नाही, तो मीच एकदा काढला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगीही त्या वडिलोपार्जित सातांत जन्मापासून हिस्सेदार आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातल्या निकालानं त्यावरची शंका मिटली. काकाजी म्हणाले, "तिनं हक्कसोड लिहून देल्लं दिवाळीले." साडी नेसवली होती. सिनेमातल्या घरालाही एक लेक होती आणि संकलनात ती निघून गेली, लांबी जास्त होते म्हणून. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

हिस्सा मागण्याचा प्रसंग आम्ही काढून टाकला. त्या जागी नोटा मोजण्याचा आला. झाडीपट्टीच्या नटांना आम्ही घडलेलं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे आवाज नकोच?" सात टेक लागले. पहिल्या सहांत ते नोटा मोजताना पोराकडे बघत होते. सातव्यात त्यांनी फक्त नोटांकडे बघितलं, आणि मोजताना बोटं किंचित अडखळली, बहुधा नकळत. काकाजी कोठ्याच्या दारात उभे राहून बघत होते. टेक संपल्यावर म्हणाले, "हे बरोबर." नटांना म्हणाले, दिग्दर्शकाला किंवा मला नाही.

मार्चअखेर पाडव्याला मी पुन्हा गेलो होतो, गावात कामच होतं. त्या दिवशी सालदाराचं साल ठरतं. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, झालेली, वावरं मोकळी, घरात पुरणाचा वास. या वेळी साल थोरल्यानं ठरवलं. काकू आत होत्या, काकाजी सपरीतल्या बाजेवर, कोठ्याकडे तोंड करून. थोरल्यानं आकडा सांगितला, इसार म्हणून दोन हजार मोजून दिले. सालदारानं नोटा घेतल्या, खिशाकडे हात नेला, आणि मधेच थांबून त्यानं बाजेकडे बघितलं.

काकाजी बैलांकडे बघत होते.

सालदार तसाच उभा राहिला, नोटा हातात धरून.